तुम्ही विचारलंत म्हणून: रायफल नाही, मग तिचं सामान कशाला?

थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एन्फिल्ड रायफल, घरात ठेवता येत नाही, मग तिचं जोडसामान कशाला जमवायचं, असं बरेच जण विचारतात. कारण एवढंच की ली-एन्फिल्ड कुठे अडायची हे त्या सामानावरून कळतं. प्रत्येक वस्तू म्हणजे रायफलीबद्दलची एकेक तक्रार.

पहिल्या महायुद्धात खंदकातला चिखल बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस नळीत सरकवणाऱ्या दांड्यात जायचा, म्हणून त्यावर चढवायचं कॅनव्हासचं ब्रीच कव्हर निघालं. डोकं वर काढलं की गोळी यायची, म्हणून 1915 मध्ये गॅलिपोलीत विल्यम बीच या ऑस्ट्रेलियन सैनिकाने रायफलीला पेरिस्कोपची चौकट जोडली, म्हणजे खाली राहूनच नेम धरता येई. काटेरी तारांसाठी दोन तऱ्हा होत्या. वायर-ब्रेकर तार मझलसमोर, म्हणजे नळीच्या तोंडासमोर, आणून धरायचा आणि ती तोडायची गोळी. वायर-कटरचे जबडे मात्र रायफल पुढे रेटली की मिटत. विकणारे सर्रास एकाच्या नावाने दुसरा खपवतात.

नवख्याने सुरुवात पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, आणि तेलाच्या बाटलीपासून करावी. बटच्या (लाकडी दस्त्याच्या) पितळी पट्टीतलं छोटं झाकण उघडलं की ही जोडी आत सापडायची. एनसीसीवाल्यांना पुलथ्रू आणि चिंधी नव्याने सांगायला नको. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाकडे तीन फास. वजनाकडून पहिला फास तारेच्या जाळीचा, दुसरा 4 बाय 2 इंचाच्या चिंधीचा आणि तिसरा, पुलथ्रू नळीत अडकलाच तर उलटा ओढून काढायला. दोरी तिरकी ओढली की ती मझलच्या कडेवर घासते. धूळ बसलेली दोरी कानशीसारखी चालते आणि तिथे खाच पडते. मग गोळी बाहेर पडताना मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि नेम बिघडतो. त्या काळात स्वच्छतेच्या अतिउत्साहानेही रायफली बाद झाल्या आहेत! दोरी झिजली की बदलायची, त्यामुळे वजन जुनं आणि दोरी अलीकडची असा माल फार येतो. तीनही फास जुन्या शिवणीचे असतील तरच पूर्ण भाव द्या.

बाटली पितळी, दुसऱ्या महायुद्धात प्लास्टिकचीही आली. बुचाला आतून तेलाची दांडीवजा चमची आणि चामड्याचा वायसर हवा. खरेदीआधी बूच उघडून बघाच, कारण चमची तुटलेली असते किंवा वायसर वाळून उडालेला असतो.

नक्कल ओळखायची तर शिक्के भिंगाखाली धरा. ठोकलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित उचललेला असतो. ओतीव अक्षराच्या कडा मऊ, गोलसर दिसतात. आम्लात बुडवून जुनाट केलेलं पितळ सगळीकडे सारखंच काळपट असतं. खऱ्या वापरात बोट लागतं तिथेच झीज होते.

मोठ्या खेळाडूंचा माल म्हणजे नं. 4 (टी) या स्नायपर रायफलीची नं. 32 दुर्बीण. तिचा क्रमांक रायफलीच्या बटच्या मानेवर, तर रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर, म्हणजे ती रायफलीला बसवायच्या पकडीवर, ठोकत. जोडी फुटली तरी ब्रॅकेट सांगतो की दुर्बीण कोणत्या रायफलीवरची. तो क्रमांक घासलेला दिसला तर सौदा सोडून द्या.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. पितळेला पितांबरी किंवा चिंच लावू नका, शिक्के पुसट होतात. पितळ आणि चामडं एकमेकांना टेकवून ठेवलं की चामड्यातल्या चरबीने हिरवं मेण धरतं. ते लाकडी काडीने काढावं. कॅनव्हास प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी हमखास. सुती कापडात गुंडाळा, सोबत सिलिका जेल, आणि उघडीप मिळाली की सावलीत वारा द्या.

आता कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच आहेत, म्हणजे बोल्ट किंवा नळी ‘शोभेची’ म्हणूनही नको. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं जोडसामान तर थेट अग्निशस्त्राच्या व्याख्येत येतं. म्हणून नं. 5 जंगल कार्बाइनचा तो नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर कितीही देखणा असला तरी हात लावू नका. खडकीच्या कारखान्यात बनलेलं, बुडावर के आणि एफ ही अक्षरं असलेलं एखादं जिवंत काडतूस ‘आठवण’ म्हणून कुणी देऊ केलं, तर त्यालाही तिथल्या तिथे नाही म्हणा.