फॉर्म बी, सॉफ्टवेअर आणि हरवलेला जानेवारी : माझा अनुभव

आमच्या बिल्डिंगची देखभाल आणि तिच्या तारखा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडल्या उघडल्या उजव्या कोपऱ्यात एक गोल दिसतो. त्यात कंप्लायन्सचा, म्हणजे कायद्याची किती कामं वेळेत आहेत याचा, आकडा असतो. ३० जानेवारीला, गुरुवारी सकाळी, तो गोल हिरवागार होता आणि आत १०० टक्के लिहिलेलं होतं. अकराच्या सुमारास पाचव्या-सहाव्या मजल्यावरच्या भाडेकरू कंपनीचे ऑडिटर माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, जानेवारीचा फॉर्म बी दाखवता?"

मी ऐटीत शोधायला घेतलं. जुलैचा लगेच निघाला. जानेवारीचा काही निघेना. मग ते काम उघडून पाहिलं, तर स्थिती 'वेळेत', मुदत २ फेब्रुवारी. ऑडिटर चष्म्यावरून स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "जानेवारीचं काम फेब्रुवारीत कसं वेळेत होईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मागवला.

ज्यांचा या भानगडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आगीची यंत्रणा, म्हणजे हायड्रंट, स्प्रिंकलर, पंप, अलार्म, चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन विभागाकडे द्यावं लागतं. हाच तो फॉर्म बी. तो वर्षातून दोनदा द्यायचा, आणि कायद्यात महिनेच लिहिलेत : जानेवारी आणि जुलै. 'दर सहा महिन्यांनी' असं नाही. सगळं घोडं इथेच अडलं, पण हे मला उशिरा कळलं.

मी पुण्यात एका नऊ मजली ऑफिस बिल्डिंगची फॅसिलिटी सांभाळते. चार लिफ्ट, दोन डीजी म्हणजे डिझेल जनरेटर, तळघरात एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, गच्चीवर टाक्या. आधी सगळ्या तारखा आमच्या सीनियर इलेक्ट्रिशियन मामांच्या लाल रजिस्टरमध्ये असायच्या. मामा म्हणजे माझे मामा नव्हेत, अख्ख्या बिल्डिंगचे मामा. मागच्या जूनमध्ये सॉफ्टवेअर आलं आणि मी स्वतः ते रजिस्टर कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. मालमत्तेची यादी भरणं, क्यूआर कोड चिकटवणं, पोरांना मोबाइलवर चेकलिस्ट भरायला शिकवणं, हे सगळं महिन्याभरात झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, खरंच सुरळीत झालं. म्हणूनच मी गाफील राहिले.

आता तो हरवलेला जानेवारी. ऑडिटर गेल्यावर मी आणि मामा त्या कामाचा इतिहास उघडून बसलो. जुलैचं प्रमाणपत्र २९ जुलैचं. अग्निशमन कार्यालयात दिलं ३१ जुलैला, पोच घेतली. इथवर ठीक. पण सॉफ्टवेअरमध्ये काम बंद झालं ६ ऑगस्टला. का? तर सही-शिक्क्याचा स्कॅन १४ एमबीचा झाला होता आणि ॲप १० एमबीच्या वर फाइल घेत नव्हतं. मामांनी दोनदा प्रयत्न केला, मग ते गावी गेले, आल्यावर खालच्या झेरॉक्सवाल्याकडून लहान फाइल करून आणली आणि ६ ऑगस्टला काम क्लोज केलं. सॉफ्टवेअरने त्या दिवसात इमानदारीत १८० दिवस मिळवले. बोटं मोजून बघा, २ फेब्रुवारी येते. जानेवारी अख्खा उडाला. आणि गोल मात्र हिरवा, कारण त्याच्या हिशेबाने मुदत संपलेलीच नव्हती.

मामा एवढंच म्हणाले, "रजिस्टरात जानेवारीच्या पानावर लिवलेलं असतं. पान उलटलं की दिसतं." मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी, ३१ तारखेला, सॉफ्टवेअर कंपनीकडे तिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली. पुढचे तीन आठवडे कसे गेले ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पहिलं उत्तर : स्क्रीनशॉट पाठवा. पाठवले, सहा. तीन दिवसांनी : ब्राउझरची कॅशे साफ करून बघा. अहो, कॅशे साफ करून फेब्रुवारीचा जानेवारी होतो का? तरी केली, कारण नाही केली तर पुढे सरकत नाहीत. नवव्या दिवशी एका मुलाचा फोन आला. आवाजावरून नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला वाटला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टिम बरोबर आहे. तुम्ही फ्रीक्वेन्सी हाफ-इयरली दिलीय. ऑगस्टमध्ये झालं तर पुढचं फेब्रुवारीतच येणार ना."

राग आला, पण फोन ठेवल्यावर कळलं की त्याच्या जागी तो चूक नव्हता. एसीचे फिल्टर, पाण्याची टाकी, पंपाचं ग्रीसिंग, ही कामं शेवटच्या वेळेपासूनच मोजायची असतात. टाकी १० दिवस उशिरा धुतली तर पुढची धुलाई १० दिवस पुढे गेली, काही बिघडत नाही. मशीनला तेच हवं असतं. सॉफ्टवेअर मुळात मशीनसाठी लिहिलेलं आणि कायद्याची कामं त्याच साच्यात ओतलेली. कायद्याला तुमचं मागचं काम कधी झालं याच्याशी घेणंदेणं नसतं. डीजीच्या जळक्या ऑइलचं वार्षिक विवरणपत्र, म्हणजे घातक कचऱ्याच्या नियमांतला फॉर्म ४, ३० जूनपर्यंत. प्रदूषण मंडळाचं पर्यावरण विवरण, फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. गेल्या वर्षी तुम्ही ते २ सप्टेंबरला भरलं असो की शेवटच्या रात्री पावणेबाराला, यंदाची तारीख तीच. मी घाबरून ही दोन्ही कामं उघडून पाहिली. फॉर्म ५ आमच्याकडे १८ ऑक्टोबरवर जाऊन बसला होता.

म्हणजे प्रश्न फक्त फॉर्म बीचा नव्हता. ऑडिटरने तो मागितला नसता तर सप्टेंबरात आणखी मोठा घोळ झाला असता.

सेटिंग्जमध्ये एक छोटा पर्याय आहे : पुढची तारीख 'पूर्ण झाल्यापासून' की 'ठरलेल्या कॅलेंडरनुसार'. सॉफ्टवेअर कंपनीच्या त्या मुलाला विचारलं, हे बदलता येईल का? येतं, पण पहिलं काम तयार होण्याआधीच. एकदा का काम सुरू झालं की तो पर्याय करडा होतो, दाबता येत नाही. शेड्यूल काढून टाकून नवीन करायचं तर जुना इतिहास जातो. आणि ऑडिटर इतिहासच मागतात! मी म्हटलं, मग करायचं काय? म्हणाला, "टेक्निकल टीमकडे एस्कलेट करतो." त्यानंतर तिकिटाची स्थिती 'प्रक्रियेत' झाली आणि तशीच राहिली.

इकडे प्रत्यक्ष फॉर्म बी मिळवण्याची वेगळीच तऱ्हा. आगीची एजन्सी म्हणाली, सोमवारच्या आधी माणूस नाही. सोमवारी, ३ तारखेला, माणूस आला. हायड्रंटच्या लाइनमध्ये प्रेशर टिकेना, ते टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद. शेवटी सापडलं : पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत होता. तिसऱ्या मजल्यावरची एक होज रील गळकी. सातव्या मजल्यावर इंटेरिअरचं काम चालू होतं, तिथल्या पोरांनी धुळीसाठी स्मोक डिटेक्टरना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून ठेवलेल्या. एजन्सीचा माणूस म्हणाला, हे दुरुस्त झाल्याशिवाय मी सही करणार नाही. त्याचं बरोबरच होतं, खोट्या सहीचा कागद आगीत कामाला येत नाही. व्हॉल्व्हचं कोटेशन, खरेदी विभागाची मंजुरी, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, फिटिंग, परत चाचणी. प्रमाणपत्र हातात आलं ११ फेब्रुवारीला. ऑडिटरच्या अहवालात आमच्या नावापुढे शेरा लागला तो लागलाच.

तोडगा शेवटी मलाच सापडला, तोही एका रविवारी घरी बसून. एक खोटं काम तयार करून सगळे पर्याय दाबून बघितले. 'अर्धवार्षिक'ला कॅलेंडरचा महिना निवडता येत नाही, 'वार्षिक'ला येतो. मग मी फॉर्म बीचं एक अर्धवार्षिक काम ठेवलंच नाही. दोन वार्षिक कामं केली : 'फॉर्म बी जानेवारी' आणि 'फॉर्म बी जुलै'. दोन्ही ठरलेल्या महिन्याला जखडलेली. मामा जुलैचं काम दिवाळीत क्लोज करोत, जानेवारी हलत नाही. फॉर्म ४ आणि फॉर्म ५ तसेच बांधले. जुनं शेड्यूल काढलं नाही, नुसतं थांबवलं, आणि त्यातले पीडीएफ उतरवून नव्या कामाला जोडले. दोन तासांचं काम. यासाठी तीन आठवडे मी स्क्रीनशॉट पाठवत होते.

तुम्ही नव्याने सॉफ्टवेअर घेत असाल तर यादी भरून घ्यायला येणाऱ्या माणसाला कंप्लायन्सच्या प्रत्येक ओळीवर हाच प्रश्न विचारा : पुढची तारीख कुठून मोजणार? आमच्याकडे तो धडाधड 'हाफ-इयरली, इयरली, मंथली' भरत गेला आणि मी मान डोलावत गेले.

दुसरी गोष्ट, मुदतीची तारीख ही काम सुरू करायची तारीख नव्हे. आमचं रिमाइंडर मुदतीच्या सात दिवस आधी यायचं. सात दिवसांत व्हॉल्व्ह तर सोडा, पीओ निघत नाही. आता फॉर्म बीचं काम १ डिसेंबर आणि १ जूनलाच उघडतं, आणि ते चार तुकड्यांत आहे : पाहणी, दुरुस्ती, प्रमाणपत्र, सादर केल्याची पोच. पोच जोडल्याशिवाय शेवटचा तुकडा बंद होत नाही. प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटचं, म्हणजे संमतिपत्राचंही तेच. आमच्या कन्सेंटच्या पत्रातच लिहिलंय की नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी करा, आणि आम्ही मूर्खासारखी संपण्याची तारीख भरून ठेवली होती. पत्रं शेवटपर्यंत वाचावीत. अटी मागच्या पानावर असतात.

हां, एक राहिलंच. सुरुवातीला आम्ही सगळ्या तारखा एक्सेलमधून चढवल्या होत्या. सॉफ्टवेअरने महिना आधी आणि दिवस नंतर असं वाचलं. २५ तारीख असली तर ते अडतं आणि चूक दाखवतं, पण १२ पर्यंतच्या तारखा गुपचूप उलट्या होतात. लिफ्टच्या विम्याची ५ नोव्हेंबर आमच्याकडे ११ मे झाली होती. ती आधीच सापडली, नाहीतर हा लेख दुप्पट लांब झाला असता. चढवून झाल्यावर प्रत्येक कागद हातात घेऊन एकेक तारीख ताडून बघा. कंटाळवाणं आहे, पण इंटर्नवर सोडू नका.

रिमाइंडर माणसाच्या नावाच्या मेलवर लावू नका. आमच्या आधीच्या एक्झिक्युटिव्हने नोकरी सोडली, त्याच्या मेलवर एसटीपीच्या नमुन्यांची रिमाइंडरं दोन महिने जात होती. आता 'फॅसिलिटी' नावाचा सामाईक मेल केलाय, आणि प्रत्येक कामाला दोन माणसं.

आणि फाइलचा आकार. हसू नका, सगळं तिथूनच सुरू झालं. स्कॅन करणाऱ्याला सांगून ठेवा, काळं-पांढरं, कमी रिझोल्यूशन. त्याशिवाय मी 'प्रमाणपत्रावरची तारीख' अशी एक वेगळी सक्तीची जागा करून घेतलीय, म्हणजे काम कधी क्लोज झालं आणि कागद कधीचा आहे, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळत नाहीत. त्या हिरव्या गोलाकडे मी आता बघतच नाही. दर महिन्याच्या १ तारखेला पुढच्या ९० दिवसांची यादी छापून इलेक्ट्रिकल रूमच्या दारावर लावते. मामांचं लाल रजिस्टरही कपाटातून बाहेर काढलंय. कुलूपाची किल्ली माझ्याकडेच होती, त्यामुळे ते देताना जरा खाली मान घालावी लागली. त्यांनी ते उघडून पहिल्यांदा जानेवारीचंच पान काढलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीचा मेल आला. आमच्याकडून प्रतिसाद न आल्यामुळे तिकीट क्लोज करण्यात येत आहे, सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? मी तो मामांना वाचून दाखवला. ते पंपाची ग्लँड आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "क्लोज केलं ना त्यांनी? मग आता १८० दिवसांनी परत उघडंल."