श्रोडर हाऊसचा कोपरा

दर्शनी भिंतीवर लाल, निळे, पिवळे चौकोन काढले, मधून जाड काळ्या रेघा ओढल्या की इमारत 'डी स्टाइल' या डच कला-चळवळीतली झाली, असं मानणारे पुष्कळ आहेत. ते रंगाऱ्याचं काम झालं. चित्रकार मोंद्रियान आणि मंडळींच्या चित्रांतून वास्तुकलेत जे खरं उतरलं ते सांध्यांत आहे, आणि ते नीट बघायचं तर नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचं 1924 सालचं श्रोडर हाऊस बघावं.

चित्रकार थिओ व्हान डूसबर्खनं 'डी स्टाइल' हे मासिक 1917 साली सुरू केलं. त्याभोवती चित्रकार जमले, वास्तुकार जमले आणि पुढे श्रोडर हाऊस रचणारा गेरिट रीटफेल्ट हा फर्निचर बनवणाराही आला. त्याची प्रसिद्ध खुर्ची 1918च्या सुमाराची. लाल-निळा रंग तिला 1923च्या आसपास मिळाला. आधी ती बिनरंगाची होती. म्हणजे रंग मागाहून आला, रचना आधीच झाली होती. सुताराच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे एका पट्टीत खाच पाडून दुसरी तिच्यात बसवलेली इथे दिसत नाही. तीन दिशांच्या तीन पट्ट्या एकमेकींना चिकटून पुढे निघून जातात आणि आत लपलेल्या लाकडी खुंट्या त्यांना धरून ठेवतात. या खुर्चीची नक्कल करताना सांधा 'स्वच्छ' दिसावा म्हणून पट्ट्यांची बाहेर आलेली टोकं छाटायचा मोह होतो. मग खुंटीच्या पुढे पुरेसं लाकूड उरत नाही आणि पट्टी तिथेच चिरते. बाहेर आलेलं टोक दिसायला जितकं हवं तितकंच ताकदीलाही हवं.

हाच सांधा मोठा करून भिंती, छत आणि बाल्कनीला लावला की श्रोडर हाऊस तयार होतं. भिंती कोपऱ्यात गाठ मारून थांबत नाहीत, एकमेकींना ओलांडून जातात. त्यामुळे घर पेटीसारखं बंद वाटत नाही, सुट्या पाट्या उभ्या करून ठेवल्यासारखं वाटतं. व्हान डूसबर्ख आणि वास्तुकार व्हान एस्टेरन यांनी 1923 साली पॅरिसमध्ये मांडलेल्या नमुन्यांत नेमकं हेच होतं, पण ते कागदावर आणि पुठ्ठ्यात.

प्रत्यक्ष बांधकामात मात्र थोडी लबाडी आहे. बघणाऱ्याला सगळं घर काँक्रीटच्या पातळ पत्र्यांचं वाटतं. खरं म्हणजे काँक्रीट पाया आणि बाल्कन्यांपुरतंच आहे. भिंती विटांच्या, वर गुळगुळीत गिलावा. जमिनी, दारं आणि खिडक्यांच्या चौकटी लाकडी. आधाराला लोखंडी आय-बीम, म्हणजे I आकाराच्या तुळया. इतके वेगवेगळे माल एकाच पांढऱ्या-राखाडी रंगाखाली आले की गिलाव्याची परीक्षा सुरू होते. वीट, काँक्रीट आणि लोखंड उन्हात आणि थंडीत सारख्या प्रमाणात हलत नाहीत. जिथे एक संपून दुसरं सुरू होतं तिथेच सरळ भेग पडते. आज असं काही बांधायचं तर त्या रेषेवर दोन्ही बाजूंना 15-15 सेंमी चिकन मेश (बारीक तारेची जाळी) ठोकून मगच गिलावा करावा, नाहीतर मुद्दाम खाच ठेवून भेगेला तिथेच जागा द्यावी. मला दुसरा उपाय पटतो, कारण खाचेच्या सावलीमुळे दोन पाट्या वेगळ्या आहेत हेही दिसतं. बाहेर आलेल्या स्लॅबला खालून, कडेच्या आत, पाणी तोडणारी बारीक खाच हवीच. तीक्ष्ण कड जपण्याच्या नादात ती राहून गेली तर पाणी स्लॅबच्या पोटाखालून मागे सरकतं आणि पांढऱ्या भिंतीवर ओघळ उमटतात.

वरच्या मजल्यावरची कोपऱ्याची खिडकी हा या घराचा कळस. आधाराचा खांब कोपऱ्यावर नाही, तिथून आत सरकवलेला आहे. दोन्ही बाजूंची तावदानं उघडली की कोपराच नाहीसा होतो. तावदानं भिंतीशी काटकोनातच उघडी राहतात, अर्धवट तिरपी नाहीत. सगळी रचना काटकोनाची असताना एक तिरपी काच तिचा विचका करते! असा कोपरा करताना वरची तुळई टोकाला अधांतरी असते, ती थोडी तरी वाकणारच. चौकट तिला घट्ट भिडवली तर काही महिन्यांत तावदान अडकू लागतं. मधे 10-12 मिमी फट ठेवून ती लवचिक सीलंटनं भरावी. वाकण जास्त निघत असेल तर इंजिनिअरकडून आकडा घेऊन फट वाढवावी.

मालकीण ट्रूस श्रोडर या तीन मुलांच्या आई आणि रचनेत रीटफेल्टच्या बरोबरीच्या भागीदार. वरचा मजला मोकळा हवा हा आग्रह त्यांचा. सरकत्या आणि फिरत्या पडद्या लावल्या की खोल्या होतात, काढल्या की जिन्याभोवती एकच दालन. बांधकामाच्या नियमांत हे बसेना, म्हणून अर्जात वरच्या मजल्याला पोटमाळा म्हणून दाखवलं. पातळ पडद्या नजर अडवतात, आवाज नाही. मुलांच्या घरात ही किंमत लहान नव्हे. तरी ट्रूसबाई 1985 साली गेल्या तोपर्यंत तिथेच राहिल्या.

याउलट 'डी स्टाइल'मधलाच वास्तुकार औड यानं 1925 साली रॉटरडॅममध्ये बांधलेला 'डे युनी' कॅफे. त्याची दर्शनी बाजू म्हणजे सपाट, रंगीत फलक. जाहिरात म्हणून उत्तम, पण मागची इमारत त्यानं बदलत नाही. 1940च्या बाँबफेकीत तो गेला, 1986 साली दुसऱ्या जागी पुन्हा उभारला. जर्मन वास्तुकार मीस व्हॅन डर रोहच्या 1929च्या बार्सिलोना पॅव्हेलियनला, म्हणजे प्रदर्शनासाठी बांधलेल्या दालनाला, तिन्ही रंगांची गरज पडली नाही. छताचा भार आठ खांबांवर, आणि संगमरवरी भिंती एकमेकींच्या बाजूनं सरकून जातात. माझ्या मते श्रोडर हाऊसचा जवळचा नातलग हाच, कॅफे नव्हे.

रंग द्यायचाच असेल तर एक नियम पाळावा: रंग बाहेरच्या कडेवर तोडू नये, आतल्या कोपऱ्यात तोडावा. पाटीची जाडीही तिच्याच रंगात रंगली की ती पाटी दिसते. रंग कडेवर तुटला तर भिंतीला कागद चिकटवल्यासारखा वाटतो. आणि गडद रंग थोड्याच जागी द्यावेत. श्रोडर हाऊसमध्ये बाहेरून बहुतेक सगळं पांढरं आणि राखाडीच्या निरनिराळ्या छटांत आहे. लाल, पिवळा, निळा मुख्यतः खांब, कठडे, चौकटी अशा बारीक भागांवर आहेत.