बनबीबीच्या मांडीवरचा दुखे

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनवरून कॅनिंगची लोकल, तिथून शेअर गाडीने गोडखाली आणि मग होडीने गोसाबा. भारताच्या बाजूच्या सुंदरबनात १०२ बेटं, त्यातल्या ५४ बेटांवर वस्ती, गोसाबा त्यातलंच. भरतीची वेळ विचारूनच निघा. ओहोटीला काही घाटांवर होडी काठाला लागत नाही, गुडघाभर चिखलातून चालावं लागतं. चप्पल आधीच हातात घ्या, आणि खारफुटीची टोकदार श्वासमुळं वर आलेली असतात तिथे पाय टाकू नका. तळवा फाटतो.

बांधावर चढलं की इथल्या घरांची गत कळते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला तिच्या भरतीपेक्षा खाली असलेली भातखाचरं. कोकणातली खारजमीन पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. बांध फुटला की शेत नुसतं बुडत नाही, खारं होतं. २५ मे २००९च्या आयला वादळानंतर कित्येक शेतांत दोन-तीन वर्षं धड भात पिकला नाही. बाप केरळ-तमिळनाडूत मजुरीला गेला, आई आणि मुलं नदीत उतरली.

ते काम म्हणजे 'मीन' धरणं. मीन म्हणजे बागदा कोळंबीची पिल्लं, जेमतेम सेंटिमीटरभर, काचेसारखी. बांबूच्या चौकटीला मच्छरदाणीसारखं निळं जाळं बांधायचं आणि कमरेएवढ्या पाण्यात काठाकाठाने ओढत चालायचं. मग जाळं पातेल्यात झटकायचं, थोडं थोडं पाणी पांढऱ्या थाळीत घ्यायचं आणि शिंपल्याने एकेक पिल्लू वेगळं करून मोजायचं. पांढऱ्या थाळीवरच ती बारीक तपकिरी रेघ दिसते. जाळ्यात आलेली बाकीच्या माशांची पिल्लं बऱ्याच जणी काठावर ओततात आणि ती मरतात. ती परत पाण्यात सोडायला हवीत, नाहीतर उद्याचा मासाच संपतो. तासन्‌तास खाऱ्या पाण्यात राहून अंगावर चट्टे उठतात, शिवाय मगरीची भीती असतेच.

याच घरांतली मुलं बनबीबीच्या, म्हणजे जंगलात राखण करणाऱ्या देवीच्या, 'थाना'त (ठाण्यात, देवस्थानात) वाढतात. मातीचा ओटा, वर छप्पर. कुठे बनबीबी साडी-मुकुटात, कुठे वेण्या आणि घागऱ्यात. शेजारी भाऊ शाह जंगली, समोर वाघरूपी दक्षिण राय. आणि तिच्या मांडीवर एक पोरगा, दुखे. विधवेचा मुलगा. त्याच्या धनाकाकाने दक्षिण रायकडून मिळणाऱ्या मधमेणाच्या बदल्यात त्याला वाघासाठी केंदोखालीच्या काठावर सोडलं, तेव्हा आईने सांगितल्याप्रमाणे त्याने बनबीबीला हाक मारली, आणि तिने त्याला वाचवलं. इथल्या मुलाला ही गोष्ट परकी वाटत नाही, कारण त्याचाही बाप जंगलात जातो.

एप्रिलच्या सुमारास वनखात्याचा परवाना घेऊन मधवाले, म्हणजे 'मौले', निघतात. सोबत 'गुनिन' किंवा 'बाउले' असतो. तो आधी काठावर उतरून मंत्राने वाघाचं तोंड 'बांधतो'. मंत्रांत बांगलाबरोबर अरबी शब्द येतात, आणि हिंदू-मुसलमान दोघेही ते मानतात. शुक्रवारी जंगलात पाऊल टाकायचं नाही. वाघाचं नाव घ्यायचं नाही, 'मामा' म्हणायचं. आपल्या वाघोबाची आठवण होते ती इथेच. परतताना मंत्र सोडवायचा, वाघाला उपाशी ठेवायचं नाही. घरी बायकोने तेवढे दिवस केसांना तेल लावायचं नाही, मिरची जाळायची नाही. मुलं हे सगळं बघत शिकतात.

पोळ्यावरच्या माश्या हटवायच्या धुरासाठी हेंताल या झाडाची सुकी पानं आत आणि ओली बाहेर अशी जुडी बांधतात. ओली पानं कमी पडली तर जाळ होतो, माश्या मरतात. पोळ्याचा मधाचा भागच कापायचा. अंडी-अळ्यांचा भाग ठेवला तर माश्या तिथेच पुन्हा बांधतात. पहिला मध खलशी या खारफुटीच्या झाडाच्या फुलांचा, फिकट आणि सगळ्यात चांगला.

मंत्र असूनही माणसं मरतात. वाघ मागून येतो, म्हणून १९८०च्या दशकात डोक्यामागे मुखवटे बांधून पाहिले. काही काळ उपयोग झाला, पुढे वाघ सरावले. परवाना नसताना किंवा बंदीच्या भागात मेलेल्याची भरपाई मिळणं फार कठीण, त्यामुळे काही घरं मृत्यूच लपवतात. वाघाने मारलेल्यांच्या विधवांना इथे 'बाघ-बिधवा' म्हणतात.

जानेवारीत पौष संक्रांतीच्या सुमारास गेलात तर बनबीबीची जत्रा दिसेल. नवसाची कोंबडी इथे कापत नाहीत, जंगलात सोडून देतात. पोरं ती झाडीत दिसेनाशी होईपर्यंत काठावर उभी असतात.