तुम्ही विचारलेत म्हणून: कुंजा छाटत का नाही?

उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा, विशेषतः पुण्याचा, चहा संपायच्या आत विचारतो की खुमानीच्या, म्हणजे जर्दाळूच्या, झाडावर चढलेला तो कुंजाचा, म्हणजे हिमालयातल्या रानगुलाबाच्या वेलीचा, काटेरी गुंता मी छाटत का नाही. जेमतेम तीन आठवडे फुलतो, तोही पांढरा, पाच पाकळ्यांचा. मग एवढे लाड कशाला? 'आळस' हे उत्तर मी बरीच वर्षे हसून चालवून घेतले. 'जंगली' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हेही ऐकवत असे की १८२० साली वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडले यांनी याला दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्या नावावरून रोझा ब्रुनोनी असे नाव दिले. खरे कारण वेगळे आहे.

मी तो एकदा छाटला आहे. येथे राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, वडिलांना फोनवर विचारून. पुण्यातल्या गच्चीवर कलमी गुलाबांत आयुष्य घालवलेल्या वडिलांचा नियम ठाम होता: पेन्सिलीपेक्षा बारीक काडी ठेवायची नाही आणि जाड फांदी बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर, म्हणजे अंकुरावर, तिरकी कापायची. दोन दिवस मी कापत होतो. कुंजाचे काटे आकड्यासारखे मागे वळलेले असतात. हात आत सहज जातो, बाहेर येताना स्वेटरची बाही मात्र आतच राहते. शेवटी गुडघ्याएवढे दांडे उरले, आणि त्यांचे फोटो मी अभिमानाने वडिलांना पाठवले.

मे महिन्यात, मी फोनवर रंगवून सांगितलेला बहर पाहायला, वडील काठगोदामपर्यंत रेल्वेने आणि पुढे घाटात उलट्या करत आले. कुंजाने माणसाहून उंच धुमारे फेकले होते. कळी एकही नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, एक शेंडा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "शेणखत कमी पडलं असेल." तोपर्यंत मला कळून चुकले होते. गच्चीवरचा गुलाब नव्या फुटीवर फुलतो, म्हणून छाटला की जोमाने फुलतो; हा मात्र वर्षातून एकदाच, आणि जुन्या दांड्यांवर येणाऱ्या आखूड काड्यांवर फुलतो. ते दांडे मी जानेवारीतच शेकोटीत घातले होते. मी म्हणालो, "हो, शेणखतच." त्यांना पुन्हा येणे जमले नाही.

त्यानंतर कात्रीच लावायची नाही असे मी ठरवले, आणि तेही शहाणपणाचे नव्हते, हे कबूल करतो. एका हिवाळ्यात त्या गुंत्यावर साचलेल्या बर्फाच्या ओझ्याने खुमानीची मुख्य फांदी मोडली. आता बहर ओसरला की सर्वांत जुने दोन-तीन दांडे बुडापासून काढतो आणि नवे धुमारे आडवे बांधतो, कारण आडव्या दांड्यावर फूल अधिक धरते. याला तुम्ही छाटणी म्हणणार असाल, तर खुशाल म्हणा. मी अजून तो शब्द वापरत नाही.

राहिलेल्या खुमानीला यंदा बांजाच्या, म्हणजे इथल्या ओकच्या, लाकडाचा टेकू दिला आहे. तो पुढच्या बर्फाला पुरेल असे मलाही वाटत नाही.