कार्डावरची १ जानेवारी

दिल्लीत भोगल, लाजपत नगर, मालवीय नगर भागात अफगाण कुटुंबांसोबत काम करताना माझा बराच वेळ वयाच्या हिशोबात जातो. तिकडच्या जुन्या कागदी तझकिऱ्यात, म्हणजे ओळखपत्रात, जन्मतारीख नसते. अमुक हिजरी शमसी, म्हणजे तिकडच्या सौर कालगणनेतल्या, वर्षी हे मूल इतक्या वर्षांचं होतं, एवढीच नोंद. मग यूएनएचसीआरच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेच्या, कार्डावर हिशोबाने वर्ष लिहिलं जातं आणि तारीख पडते १ जानेवारी. आपल्याकडे गावोगावच्या गुरुजींनी लावलेल्या १ जूनसारखंच हे.

डिसेंबर २०२२ मध्ये एक आई तिच्या मधल्या मुलीला घेऊन आली. वडिलांच्या किडनीच्या उपचारासाठी मेडिकल व्हिसावर ही मंडळी काबूलहून आली, ती जुलै २०२१ मध्ये. थोड्याच दिवसांत परत जायचं होतं, म्हणून मुलींच्या शाळेचा विचार कोणी केला नव्हता. १५ ऑगस्टला काबूल पडलं. तिकडे सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा बंद. मुलगी पाचवी शिकलेली. कार्डावरची तारीख १ जानेवारी २००९.

म्हणजे पंधरवड्यात तिला चौदा पूर्ण होणार होती. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे. त्यात नागरिकत्वाची अट नाही. चौदाच्या आत नाव पटावर लागलं, की पुढे वय वाढलं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत हक्क टिकतो. नाव लागलंच नाही, तर कायद्याचा आधार जातो. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे आमच्या हातात जे काही आहे ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या, मुलींच्या पाळीत आम्ही जवळच्या सरकारी शाळेत गेलो. ऑफिसातून आधीच उत्तर आलं होतं : आधार नाही, टीसी नाही, प्रवेश संपलेत, एप्रिलमध्ये या. मी कलमांची प्रत पुढे ठेवली. वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, टीसीसाठी अडवता येत नाही, वर्षाच्या मध्येही घ्यावं लागतं. बीडमध्ये ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी हीच कलमं मी कितीदा तरी दाखवली आहेत, त्यामुळे ती तोंडपाठ आहेत.

मुख्याध्यापिकांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, “मॅडम, कायदा मान्य. पण हिला हिंदी वाचता येत नाही. वर्गात बसवून मी तिचं करू काय?”

प्रश्न रास्त होता. नुसतं नाव लावून मागच्या बाकावर बसवलेली मुलं महिन्या-दोन महिन्यांत गळतात, हे मी पाहत आले आहे. मी म्हटलं, तिला गणित घालून बघा.

गणिताच्या बाईंना बोलावलं. त्यांनी फळ्यावर ४०८ गुणिले २५ लिहिलं. मुलीला आपले इंग्रजी आकडे ओळखता येत होते, पण तिने वहीत उतरवलं ते स्वतःच्या आकड्यांत. पाच म्हणजे उलटं पिंपळपान, सात आणि आठ एकमेकांची उलटी टोकं, शून्य म्हणजे नुसता ठिपका. बाईंनी वही हातात घेतली, दोनदा फिरवून पाहिली आणि परत तिच्यापुढे ठेवली. “वरच्या ओळीत एक ते दहा लिही,” त्या हिंदीत म्हणाल्या. हिंदी तिला कळत होतं, मालिका बघून चांगलं बोलतही होती. तिने दहा आकडे लिहिले, बाईंनी प्रत्येकाखाली आपला आकडा लिहिला आणि मग गुणाकाराच्या एकेका पायरीवर बोट ठेवत खाली आल्या. शेवटच्या ओळीत दोन ठिपक्यांपाशी थांबून म्हणाल्या, “दहा हजार दोनशे. हातचासुद्धा बरोबर.”

पुढे त्यांनी अपूर्णांक घातले, ते थोडे चुकले. “हे मी करून घेते,” असं त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या. मला त्या बाईंचा फार आदर वाटतो. वहीत काय नाही, यापेक्षा काय आहे हे त्यांनी आधी शोधलं, आणि तेवढ्याने खोलीतला सगळा सूर बदलला.

नाव सातवीत लागलं. कायद्यात अशा मुलांसाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. हिंदी वाचनासाठी ती वापरायची ठरली. बाईंनी तिला भोगलच्याच एका मुलीशेजारी बसवलं, म्हणजे जाता-येता सोबत होईल. माझ्या अनुभवात पहिल्या आठवड्यात अशी सोबत मिळाली की मूल सहसा टिकतं.

थोरली बहीण सोळाची. तिच्यासाठी या कायद्यात काही नाही. तिचा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. दहावीला बसायला आठवीचा दाखला नसला, तरी आपण तेवढं शिकलो आहोत असं स्वतः लिहून देता येतं. त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीवर हे समजावून सांगत होते. वयाची वरची मर्यादा नाही, असं म्हटल्यावर आई चहा गाळता गाळता थांबली. १९९६ साली पहिल्यांदा तालिबान आले तेव्हा ती तिसरीत होती, आणि शाळा तिथेच सुटली. “मलाही चालेल?” तिने विचारलं.

चालतं. एनआयओएसमध्ये मोठ्यांसाठीही तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे अ, ब, क असे स्तर आहेत. ती म्हणाली, अ नको, तेवढं मला येतं, ब ला घाला.