तोफा होत्या, शिबंदी नव्हती

जुन्या दगडी बांधकामांची पाहणी करून कुठे काय दुरुस्ती लागेल ते सांगायचं हे माझं काम, त्यासाठी ऑगस्टमध्ये चर्चिलला गेले होते. कॅनडातल्या उत्तर मॅनिटोबातलं, हडसन बे या उपसागराच्या काठावरचं गाव, तिथवर रस्ताच नाही, ट्रेन नाहीतर विमान. नदीपलीकडे प्रिन्स ऑफ वेल्स किल्ला. होडीने जायचं, काठाला लागलं की आधी बंदूकवाला उतरून पांढरं अस्वल कुठे आहे का बघतो, मग बाकीचे.

हडसन बे कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीने १७३१ ला बांधायला घेतला, काम जवळपास ४० वर्षं चाललं, आणि हे सगळं फरच्या व्यापारासाठी, कारण बीव्हर या प्राण्याच्या लोकरीच्या हॅट्सना युरोपात प्रचंड मागणी होती. तट पायाशी १० मीटरहून जाड, दोन्ही बाजूंना दगड आणि मधे भराव. त्या भरावात पाणी मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि बाहेरचे दगड हळूहळू पुढे ढकलतं. एका ठिकाणी भिंतीला चांगला फुगवटा आला होता, दरजेत बोट घातलं तर आतला माल ओला, भुगा होऊन हातात आला. फोटो, मोजमापं, खुणा यातच दुपार झाली.

मग तिथल्या गाइडने १७८२ सांगितलं. ८ ऑगस्टला फ्रेंच नौदलाच्या ला पेरूझची ३ जहाजं आली, किल्ल्यावर ४० च्या आसपास तोफा पण किल्ल्याचा प्रमुख सॅम्युअल हर्नकडे माणसं ४० सुद्धा नव्हती, तीही कारकून, गवंडी, सुतार असली. आपल्याकडे किल्ला म्हटलं की शिबंदी आलीच, इथे तीच नाही! एकही गोळा न उडवता किल्ला दिला. फ्रेंचांनी जाळपोळ केली, सुरुंग लावले, तरी मूळ तट पडला नाही.

मला जास्त लागलं ते मातोनाबीचं. हा डेने या तिथल्या मूळ रहिवाशांचा पुढारी, यानेच हर्नला पायी आर्क्टिक समुद्रापर्यंत नेलं, १७७१ मधे, आधीच्या दोन मोहिमा फसल्यावर. त्याचा सगळा व्यवहार, मानमरातब या किल्ल्याशी बांधलेला, किल्ला पडल्याचं कळलं तेव्हा त्याने गळफास घेतला आणि त्याच्या बायकामुलांपैकी कित्येक जण त्या हिवाळ्यात उपासमारीने गेले. हर्नने खडकावर कोरलेलं स्वतःचं नाव जवळच स्लूप कोव्हला आहे, लोक आवर्जून त्याचे फोटो काढतात. पण मातोनाबी नसता तर हर्न तिथवर पोचलाच नसता, मग किल्ल्याची गोष्ट सांगताना त्याचं नाव शेवटी का यावं? गाइडलाही तसं बोलले, तर तो म्हणाला मी आता सुरुवातच त्याच्यापासून करतो, शाळेची मुलं आली की तर नक्कीच.