तोर्तोसा ते तोर्तोसा, व्हाया गांदेसा

गांदेसा हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते नागपुरात, बाबांच्या तोंडून. बाबांना इतिहासाची फार गोडी होती अशातला भाग नाही. पण "आपल्या नागपूरचा माणूस स्पेनच्या लढाईत गेला होता" हे ऐकवल्याशिवाय ते पाहुण्याला चहा पिऊ देत नसत. तो माणूस म्हणजे गोपाळ मुकुंद हुद्दार. संघाचे सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह. पुढे शिकायला लंडनला गेले, तिथे त्यांचे विचार पार बदलले, आणि 'जॉन स्मिथ' असं नाव घेऊन ते यादवी युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोविरुद्ध लढायला स्पेनमध्ये स्वयंसेवकांच्या ब्रिटिश बटालियनमध्ये दाखल झाले. १९३८च्या एप्रिलमध्ये गांदेसापाशी पकडले गेले.

चाळीस वर्षांनी माझा मावसभाऊ बार्सिलोनाहून फोनवर म्हणाला, "ताई, ऑक्टोबरमध्ये ये, एक मस्त ग्रॅव्हल रूट आहे," आणि त्याने पाठवलेल्या नकाशात मला ते नाव दिसलं. तिकीट त्याच रात्री काढलं. व्हिसाचं नंतर बघितलं. (उलट्या क्रमाने करू नये. माझं निभावलं.)

ग्रॅव्हल सायकल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: हँडल रोडबाइकसारखं वाकडं, पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, आणि गिअर चढाला सोसतील असे हलके. आपल्या पाणंद रस्त्यावर जे निभेल ते. मी पुण्यात राहते, मुळशीकडच्या कच्च्या रस्त्यांवर तीन महिने सराव केला होता. सव्वादोनशे किलोमीटर, पाच दिवस. सिंहगडाला रोज सायकल चढवणारे हसतील. मलाही तेव्हा हा आकडा किरकोळच वाटला होता.

सायकल बार्सिलोनात भाड्याने घेतली. ट्यूबलेस टायर. चाक कानाशी धरून हलवलं की आतल्या सीलंटचा, म्हणजे भोकं बुजवणाऱ्या पातळ द्रवाचा, डुचमळल्यासारखा आवाज यायला हवा, हे मला माहीत होतं. दुकानातला मुलगा म्हणाला, "परवाच भरलंय." मी मान डोलावली. चाक कानाशी धरलंच नाही.

तोर्तोसापासून सुरुवात करण्याचं कारण साधं आहे. बार्सिलोनाहून तिथवर प्रादेशिक रेल्वे जाते आणि जागा असेल तर सायकल तशीच्या तशी डब्यात नेता येते. आम्ही पहाटेची गाडी धरली. तोर्तोसा एब्रो नदीच्या काठी, समुद्रसपाटीच्या जेमतेम वर. तिथून पश्चिमेला एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची वाट केलेली आहे, तिला विया वेर्दे म्हणजे हिरवी वाट म्हणतात. या मार्गाचं काम १८९१ साली सुरू झालं, रखडत रखडत यादवी युद्धाच्या पलीकडे गेलं, आणि जेमतेम तीस वर्षं गाड्या धावल्यावर १९७३ मध्ये एक बोगदा ढासळल्याचं निमित्त होऊन तो बंद झाला. रूळ गेले, बोगदे आणि पूल राहिले. आगगाडीसाठी आखलेली वाट असल्यामुळे चढ इतका सावकाश की डोळ्यांना कळत नाही. मांड्यांना कळतो, कारण या खोऱ्यातून वायव्येचा वारा समोरून येतो. शेजारच्या आरागॉन राज्यात त्याला सिएर्सो म्हणतात. पहिले वीस किलोमीटर आम्ही सपाटीवर चढाच्या गिअरमध्ये होतो.

बोगद्यांबद्दल एकच सांगते: दिवा हाताशी ठेवा आणि गॉगल आधी काढा. मी नाही काढला. लख्ख उन्हातून आत शिरले तर काहीच दिसेना, नुसता टायरखालच्या खडीचा आवाज दुप्पट होऊन कानात, मानेवर टपकन पाण्याचा थेंब, आणि पुढून भावाची हाक, "ताई, ब्रेक नको मारू, सरळ ये!" मी ब्रेक मारला. भिंतीला खांदा घासला, बाकी काही नाही. पुढच्या बोगद्यापासून गॉगल टोपीवर.

बोगदे संपून दरी उघडते तिथे खाली कानालेतेस नदीकाठी फोन्तकाल्दाचं मंदिर आहे. फोन्तकाल्दा म्हणजे गरम झरा. पाणी प्रत्यक्षात कोमट आहे, वज्रेश्वरीच्या अपेक्षेने गेलात तर निराशा होईल. पाय सोडून बसलो. जेवायला भावाने तोर्तोसातून क्लोचा बांधून घेतला होता: गोल पावाचा गर पोखरून काढायचा, आत भाजलेला खारा मासा, भाजलेला टोमॅटो, लसूण, वरून ऑलिव्ह तेल, आणि काढलेल्या गरानेच तोंड बंद करायचं. शेतावर जाणाऱ्याची शिदोरी. मला भाकरीच्या पापुद्र्यात सुकट भरून नेणाऱ्या बायका आठवल्या. गोडाला पास्तिसेत. दिसायला थेट करंजी, आतलं सारण भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या तंतुमय मुरंब्याचं. दिवाळी पंधरा दिवसांवर होती, मी चार खाल्ले.

मुक्काम ओर्ता दे सांत जुआनला. टेकडीवरचं गाव. १८९८ मध्ये आजारातून उठलेला पिकासो हवापालटासाठी पालारेस नावाच्या मित्राच्या या गावी आला होता. १९०९ मध्ये तो परत आला आणि इथली घरं त्याने ठोकळ्यांसारखी रंगवली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणावरून मागे पाहिलं तर गाव खरोखरच एकावर एक रचलेल्या खोक्यांसारखं दिसत होतं. मग त्यात त्याने वेगळं काय केलं, असं मी भावाला म्हटलं. तो म्हणाला, "ताई, हे दुसऱ्या कोणाला सांगू नको."

दुसरा दिवस रविवार होता, आणि आमचं गणित तिथेच चुकलं. ऑक्टोबरात इथे रविवारी रानडुकरांची शिकार निघते. आर्नेस सोडून कच्च्या वाटेला लागलो तर मधोमध पाटी: हाका चालू आहे. लांबून कुत्री आणि मग बंदुकीचा बार. वाटेवर पिवळ्या जाकिटातले एक आजोबा बसले होते, त्यांनी हातानेच 'फिरा मागे' केलं आणि दुसरी वाट दाखवली. ती वाट म्हणजे चुनखडीच्या दगडांचा ओढा होता. अल्गार्स नदी ओलांडली की कातालुन्या संपून आरागॉन सुरू होतं. त्या ओढ्यातून आम्ही राज्याची सीमा सायकली ढकलत ओलांडली.

पलीकडच्या उतारावर मागच्या चाकाने फूऽऽस केलं.

टायरच्या कुशीला दीड सेंटिमीटरचा काप. अशा वेळी सीलंटचा ताकासारखा पांढरा फवारा उडतो आणि छोटं भोक असेल तर आपोआप बुजतं. इथे फवारा सोडा, थेंब नाही. टायर उघडलं तर आत सीलंटची वाळून झालेली रबरी पापडी. परवा भरलेलं सीलंट दोन दिवसांत असं वाळत नाही, हे मी त्या दुकानाला मराठीतून सांगितलं. जंगलात ऐकायला कोणी नव्हतं.

मग रीतसर बैठक मारली. आधी भोकात रबरी वात खुपसून पाहिली, काप लांब असल्याने ती बाहेर आली. मग ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढला, ट्यूब घालायची ठरवली. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवून काटे शोधावेच लागतात, कारण ट्यूबलेस टायर काटे पोटात घेऊन आठवडेच्या आठवडे चालतं आणि ट्यूब घातली की तेच काटे पहिल्या फेरीत वसूल करतात. सात निघाले. प्रश्न कापाचा होता: नुसती ट्यूब हवा भरली की त्या फटीतून फुगा काढते आणि फुटते. आतून काहीतरी चिवट लावायला हवं. भाऊ म्हणाला, "नोट लाव, पाच युरोची." मी म्हटलं, पाच युरो कशाला? पिशवीत पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचं पाकीट होतं. उरलेल्या बाकरवड्या तिथेच संपवल्या, पाकीट आतून पुसलं, चौघडी करून कापावर बसवलं, वर ट्यूब, आणि हातपंपाने हवा. अडीचशे झटके मारले असतील. टायर धरलं.

बेसेइतेला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. हे गाव एके काळी कागदाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होतं. आम्हाला गिरणी नको होती, पाणी आणि दोन घास हवे होते. दुकानं बंद. दुपारी दोन ते पाच या मुलखात पानही हलत नाही, वर रविवार. पुण्यातली असून मी तक्रार करणं शोभत नाही, पण केली. गल्लीच्या तोंडाशी दगडी चिरेबंदी हौद आणि त्याला अखंड वाहणारा पितळी नळ होता. त्या पाण्यावर आणि खिशातल्या चार बदामांवर वाल्देरोब्रेस गाठलं.

वाल्देरोब्रेस, ला फ्रेस्नेदा, कालासेइते. तिसरा दिवस या तीन गावांचा, आणि सायकलच्या दृष्टीने सुखाचा. दगडी पूल, त्याच्या टोकाला वेस, वर चर्च आणि किल्ला, कमानीखालचे बाजार. सगळं एकाच मधाच्या रंगाच्या दगडातलं. मी मात्र गावांपेक्षा शिवारात जास्त रमले. ऑलिव्ह आणि बदामाच्या बागा डोंगराला पायऱ्या करून लावलेल्या, आणि प्रत्येक पायरीला गडगा. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. आपल्या कोकणातल्या माणसाला हा गडगा पाहून घरी आल्यासारखं वाटेल, फक्त चिरा जांभा नाही. ही रचण्याची विद्या २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तेव्हा स्पेनसह आठ देशांची मिळून. एका ठिकाणी एक बाई गडग्याचा ढासळलेला कोपरा लावत होत्या. दगड उचलायच्या, हातात फिरवायच्या, बसवायच्या, पुन्हा काढून दुसऱ्या अंगाने बसवायच्या. आम्ही पाणी प्यायलो तेवढ्या वेळात तीन दगड लागले.

कालासेइते ते गांदेसा. हा चौथा दिवस. मोठा रस्ता सोडून बाजूच्या शेतवाटांनी जाता येतं, द्राक्षवेली लाल झालेल्या होत्या. याच टापूत ३१ मार्च १९३८ च्या सकाळी ब्रिटिश बटालियन कालासेइतेबाहेर अचानक इटालियन रणगाड्यांसमोर आली. कित्येक मेले, शंभरावर पकडले गेले. उरलेले गांदेसाकडे मागे हटले, आणि त्या माघारीच्या दिवसांत 'जॉन स्मिथ' गांदेसापाशी फ्रँकोच्या हाती लागले. तिथून बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्याच्या मठात, जो तेव्हा कैद्यांचा तळ होता. वर्ष संपायच्या सुमाराला सुटून ते भारतात परतले.

गांदेसाच्या वेशीवर मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं. मी पाटी दाखवली. ते म्हणाले, "रोमन अक्षर दिसत नाही मला, वाच." मी वाचलं. ते म्हणाले, "उन्हात उभी राहू नको."

जवळच्या कोर्बेरात जुनं गाव १९३८ च्या उन्हाळ्यातल्या तोफा-बाँबनंतर जसं पडलं तसं ठेवलंय. लोकांनी नवं गाव खाली रस्त्याकडेला वसवलं. एब्रोची ती लढाई २५ जुलै ते १६ नोव्हेंबर चालली, तिथल्या संग्रहालयाचं नावच '११५ दिवस' आहे. वरच्या चर्चला आता पारदर्शक छत घातलंय. भिंतींत गोळ्यांची भोकं, आणि त्या भोकांत पारवे.

शेवटच्या दिवशी पांदोल्सचा डोंगर. ७०५ मीटरच्या माथ्याला नकाशात नुसता आकडाच नाव म्हणून आहे. शेवटचे टप्पे इतके खडे की वाटेवर काँक्रीट ओतलंय, तरी मी दोनदा पाय टेकला. वर स्मारक आहे ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचं, ज्यांना प्रजासत्ताकाने, म्हणजे फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या सरकारने, शेवटी शेवटी भरती केलं. लोक त्यांना दूधबाटलीची तुकडी म्हणत. या डोंगरात खंदक खणता येत नाहीत, सगळा कातळ. म्हणून आडोशाला दगड रचायचे, आणि तोफगोळा पडला की त्याच दगडांच्या कपच्या अंगात घुसायच्या. ते रचलेले अर्धगोल अजून दिसतात. गडग्यासारखेच, पण घाईने लावलेले. भाऊ एकात उतरून बसला. गुडघे छातीशी आले तरी डोकं बाहेर राहिलं.

पिनेलकडचा उतार मी ब्रेक धरूनच उतरले, सगळं लक्ष मागच्या चाकाकडे. पिनेलला सहकारी सोसायटीची वाइनरी आहे, वास्तुकार गाउदीचा शिष्य सेझार मार्तिनेल याने बांधलेली, शंभर वर्षांपूर्वीची, विटांच्या उंच कमानींची. सोसायटी असावी तर अशी, असं साखर कारखान्याच्या मुलखातल्या माणसाला वाटल्याशिवाय राहत नाही. तिथून पुन्हा आगगाडीची वाट, या वेळी उतार आणि पाठीला वारा. पहिल्या दिवशी अख्खी सकाळ खाल्लेलं अंतर दीड तासात संपलं.

बार्सिलोनात सायकल परत करताना मी झालेलं सगळं सांगितलं, भावाने भाषांतर केलं, थोडं सौम्य करून असणार. मुलाने टायर उघडलं. बाकरवडीचं पाकीट जागच्या जागी होतं, एका बाजूला थोडं पांढरं पडलेलं. त्याने ते उलटंसुलटं करून बघितलं, वास घेतला, ही काय वस्तू आहे आणि कुठे मिळते असं विचारलं. फोटो काढला. आणि टायरचे पैसे लावले.